घरात विचारून सांगतो

कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये
एकतीस वर्षं खुर्ची टाकून बसलो.
मागे काचेच्या पेटीत ती निजलेली, पुढे मी जागा.
दुपारी दोन ते तीन मीही निजलेला, खोटं का बोला.

डभोईच्या शाळेची सहल आली होती.
रांगेतल्या शेवटच्या पोरीनं विचारलं,
"काका, फॅरो एटले शुं?"
राजा, मी म्हटलं.
तिनं वहीत लिहिलं, राजा,
आणि पळाली हत्तीच्या सांगाड्याकडे.

बाकावर एक म्हातारे मास्तर बसलेले,
रावपुऱ्यातलेच, कर्णिक.
मला जवळ बोलावून त्यांनी
तिकिटाच्या पाठीवर पेन्सिलीनं चौकोन काढला,
आडवा, लांबोडका,
खालची रेघ मध्येच तोडलेली.
"हे घर. ही फट म्हणजे दार."
शेजारी एक खांब उभा केला.
"हा खांब म्हणजे थोर.
पेर-आ. थोरलं घर. एवढंच.
माणूस त्यात नाहीच."

हजारएक वर्षं तो शब्द
नुसता इमारतीचा होता, म्हणाले.
धान्य थोरल्या घरी जायचं,
निरोप थोरल्या घरून यायचा,
थोरल्या घरचा न्हावी, थोरल्या घरचा कारकून.
राजाला वेगळी नावं होती,
ससाण्याची, लव्हाळ्याची, मधमाशीची,
ती घ्यायची तर जीभ धुऊन यावं अशी.
मग लोकांनी काय केलं,
माणसाकडे करायचं बोट भिंतीकडे केलं.
घराची मर्जी. घर रागावलंय.
असं करता करता एक दिवस
घरच पालखीत बसून हिंडू लागलं.
घराला ताप आला.
घराला पुरलं.

मला काही नवल वाटलं नाही.
वडील पागेत होते माझे.
घोड्यांना नावानिशी हाका मारायचे,
बिजली, मोतीचूर, लंगडा पठाण,
पण धन्याचं नाव तोंडात नाही कधी.
"राजवाड्यावरनं सांगणं आलंय," म्हणायचे,
राजवाड्याला जीभ असल्यासारखं.
आणि इथल्या राजाच्या आडनावातच कवाड आहे,
कुणा पूर्वजानं गाईंसाठी उघडलेलं.
मास्तर म्हणाले, ते खरं
की नुसतं सांगायला गोड, ठाऊक नाही.

घरी जाताना न्यायमंदिरापाशी
सायकल हातात धरून उभा राहिलो.
सोसायटीची वर्गणी असो, भाचीचं स्थळ असो,
कुणी काही विचारलं की मी जन्मभर एकच बोललो,
घरात विचारून सांगतो.
आमच्या घरातून डबा दिलाय.
आमच्या घरातून बरं नाही.
ती मला अहो, मी तिला घर.
एका खोलीत अठ्ठावीस वर्षं
दोन माणसं, आणि नाव एकही नाही.
भीतीपोटी म्हणावं तर भ्यायचं कुणी कुणाला?

त्या संध्याकाळी सांगितलं तिला,
"तू फॅरो आहेस."
ती म्हणाली, "मेथी आणलीत का?"

नंतर तीन वर्षांनी
मोठ्या दवाखान्याच्या खिडकीवर
कारकून म्हणाला, "दर्दीनुं नाम?"
मी म्हटलं, आमच्या घरातून.
त्यानं मान वर केली.
मागे रांग होती. कुणाचं तरी पोर खोकत होतं.
द्वारका, मी म्हटलं.
द्वारका फणसे.
इतक्या हळू, की त्यानं पुन्हा विचारलं,
आणि दुसऱ्यांदा मी इतक्या मोठ्यानं म्हटलं
की स्ट्रेचरवर तिनं डोळे उघडले.
चिडली होती थोडी.
चारचौघांत नाव घेतलं म्हणून.

आता निवृत्त आहे.
तिकीट पासबुकात ठेवलंय.
पेन्सिल उडत चाललीय,
खांब आधी गेला,
मग चौकोनाची वरची बाजू.
खालची फट तेवढी आहे तशी आहे.
ती काही काढलेली नव्हती.