चोवीस

कुताइसीत, तिसऱ्या मजल्यावर,
बाल्कनीत दोऱ्याला वाळत घातलेले पर्सिमन,
नारिंगी.
तेकलेनं फोटो टाकला तो नव्या चष्म्याचा.
शाळेचं नाव नाही, पत्ता नाही,
आईनं बजावलं होतं तसंच सगळं.
माळ मागे होती, एवढंच.

चार दिवसांनी लूकाचा मेसेज,
वय पंधरा, म्हणे:
‘आज तेवीसच?
काल चोवीस होते.’

चोविसावं तिनंच खाल्लं होतं
पहाटे, अनवाणी उभं राहून,
अर्धकच्चं.
जीभ अजून तुरट.

रात्री बाबा मार्शुत्का लावून आले.
तिनं फोन त्यांच्या हातात दिला,
भिंतीकडे बघत.
ओरडतील, असं वाटलेलं.
ते बाल्कनीत गेले,
समोरच्या इमारतीतल्या उजेडाच्या खिडक्या
मोजत राहिले
बराच वेळ.
मग माळ सोडवली.