ओढ, बिडु

वाऱ्यात ‘सोड’ आणि ‘ओढ’ एकच ऐकू येतं.
नवव्या मजल्यावर ही चूक परवडत नाही.
म्हणून पहिल्याच आठवड्यात,
खानापूर रोडच्या त्या काचेच्या बिल्डिंगीवर,
मल्लेशी आणि मी शब्द वाटून घेतले:
वर घ्यायचं तर माझं ‘ओढ’,
खाली द्यायचं तर त्याचं ‘बिडु’.
बाकी दिवसभर कोण काय बोलतं
ते बादलीला विचारा.

पावसाळा सरला की उत्तरेची भिंत हिरवी होते.
घासलं की चहासारखं पाणी गळतं:
शेवाळ, पारव्यांची घाण, मोहोळाचं जुनं मेण,
रेल्वे गेटाकडून आलेली तांबडी धूळ.
डाव्या हातात ब्रश, उजव्यात रबराची पट्टी,
दातांत फडकं.
रात्री भाकरीलासुद्धा साबणाची चव येते.

सातव्यावर दातांचा दवाखाना.
खुर्चीत एक बाई आ वासून आडवी.
तिला आधी माझे पाय दिसले असणार, मग मी.
मी हसलो. तिला हसता येईना.
डॉक्टर बोटानं दाखवतो, इथं डाग राहिलाय.
मी पुसतो. तो मान हलवतो. परत पुसतो.
डाग आतला आहे हे काचेबाहेरून कसं सांगायचं?
शेवटी त्यानंच अंगठा फिरवून बघितला
आणि पडदा लावून घेतला.

‘बिडु!’

पाचव्यावर शिकवणी. चाळीस पोरं एका गणितावर वाकलेली.
खिडकीजवळच्या एकानं वहीत काहीतरी लिहून
पान काचेला लावलं.
कन्नड होतं. अक्षरं जुळवत वाचायला मला वेळ लागतो.
‘भीती वाटत नाही का?’ एवढं कळेपर्यंत
मी चौथ्यावर उतरलो होतो,
उत्तर पाचव्यावर राहिलं.

तिसऱ्यावर नावाची पाटी.
आधीच्या मालकाची अक्षरं उपटून काढलेली,
तरी नाव भिंतीवर फिकट उभं.
मॅनेजर म्हणाला, घासून टाका.
पण ते घासून जात नाही.
अक्षराखालची भिंत मळलीच नव्हती कधी,
मळलं होतं ते भोवतालचं.
दीड तास भोवतालचं धुतलं,
तेव्हा कुठं नाव गेलं.

दोर मी घरी नेतो. साईटवर उंदीर आहेत.
बाबा वडगावात चाळीस वर्षं मागावर होते.
तुटला धागा असा जोडायचे
की नेसणारीला गाठ सापडू नये.
माझी आठाची गाठ बघून म्हणाले,
‘ही तर आंधळ्यालाबी दिसंल.’
दिसायलाच पाहिजे, मी म्हटलं.
रोज विचारतात, कितवा मजला?
रोज सांगतो, तिसरा.

परवा रात्री पाणी प्यायला उठलो
तर अंधारात बसून ते दोर बोटांतून सोडत होते,
वीत वीत, ताणा तपासावा तसा.
तिसऱ्या मजल्याला एवढा दोर लागत नाही
हे त्यांच्या हातांना कळलंच असेल.
पाणी न पिता मी परत आडवा झालो.

सकाळी गच्चीवर दोर उलगडता उलगडता
मल्लेशी थांबला.
एका जागी लाल रेशीम गुंडाळलेलं,
जुन्या काठातलं, उरलेलं.
त्याखाली दोराचं साल उसवलं होतं.
फार नाही, नखाएवढं.
‘हे कोण बांधला?’ त्यानं माझ्या भाषेत विचारलं.
‘नम्म अप्पा,’ मी त्याच्या.
दोर बाजूला टाकला. नवा येईपर्यंत दुपार झाली.
ठेकेदार फोनवर बरंच काही बोलला,
तिन्ही भाषांत.

संध्याकाळी बाबांनी विचारलं, कितवा?
नववा, म्हटलं.
ते काही बोलले नाहीत.
नुसता हात पुढं केला
नव्या दोराचं टोक घ्यायला.