वाकवलेला सांधा

तळघरातली भट्टी हलणार नाही.
बाबांनी बसवलेली, घरभर ऊब पाठवणारी,
पाय रोवून उभी.
म्हणून रूळच तिला वळसा घालणार,
आणि नेमका वळणावरच ऑर्लिनला फाटा हवा,
धक्क्याकडे उतरणारा,
टू हार्बर्सला तो कामावर होता तेव्हा होता तसा.

दुकानात सांधे मिळतात ते सरळ.
खोक्यातून निघतात
कवायतीला उभ्या पोरांसारखे.

"मग वाकव," तो म्हणतो, खुर्चीतून.
मांडीवर हात, त्या हातावर दुसरा हात,
वरच्याने खालच्याची थरथर दाबलेली.

मी सांधा उताणा करते.
पोटाशी काळं प्लास्टिक,
स्लीपरपासून स्लीपरपर्यंत इवले इवले पूल.
"बाहेरचे तोड. आतले राहू देत.
बेडकाजवळ पातं नेऊ नकोस."

बेडूक म्हणजे दोन रूळ एकमेकांना छेदतात
तो ओतीव तुकडा.
कोणी, का ठेवलं हे नाव, त्यालाही माहीत नाही.
बाकी सगळं वाकतं, हा नाही.
मोडेन पण वाकणार नाही, अशातला.
मी वर बघत नाही.
तोही काही बोलत नाही.

अंगठ्यांनी हळूहळू दाब देते.
स्लीपर पंख्यासारखे उघडतात बाहेरच्या अंगाला.
सोडलं की रूळ परत सरळ व्हायला बघतो,
पीळ आहे त्याच्यात.
"पितळ असो की पोलाद, त्याला दोनदा सांगावं लागतं."
तिसऱ्यांदा सांगते, तेव्हा ऐकतो.

आणि आतला रूळ पुढे डोकावतो.
दोन मिलिमीटर. जास्तच.
वळणावर आतून चालणाऱ्याला
कमी चालावं लागतं, एवढंच.
आई अंथरुणाला खिळली ती सात वर्षं
मी डुलुथला होते.
रविवारी फोन करायचे.
तो इथे होता.

कानस फिरवते. जास्तीचं झडून जातं,
चिमूटभर चकाकी, एप्रनवर.

जिभा अडकतात. पुन्हा घासते.
आता सुटतात, टक् करून टेकतात,
इकडे, मग तिकडे.
पितळी मापपट्टी सगळीकडे बसते,
बेडकाच्या अलीकडे एका जागी सोडून.
तिथे केसभर तंग.
"चालेल का?"
"मला काय विचारतेस? वाघिणीला विचार."

खिडकीत फूटभर जानेवारी,
सरोवर गोठलेलं, जहाजं बंदरात निजलेली.
मी खनिजाची एक रिकामी वाघीण ठेवते रुळावर
आणि बोटाने ढकलते.
भट्टीला वळसा. जिभा. बेडूक...
खट्.
एक चाक वर चढतं, विचार करतं,
खाली बसतं.
वाघीण धक्क्याच्या बाजूला वळते.

ऑर्लिनचा वरचा हात सुटलाय,
दोन्ही आपापले थरथरतायत.
त्याचं लक्ष नाही तिकडे.

"पुन्हा," तो म्हणतो.
"या वेळी भरलेली घे."