चार बाय नऊ

जेल रोडवरच्या दुकानात, वरच्या मजल्यावर,
हरचंदानींच्या मुलानं टेबलावर जहाज उलगडलं.
कागदाचं. अकरा मजले.
उडू नये म्हणून कोपऱ्यावर स्टेपलर.
खोल्या एवढ्याशा, मुंगीच्या अंड्यांसारख्या,
प्रत्येकीवर नंबर.

मी चष्मा बदलला.
वन्संनी पिशवीतून शेवेचा पुडा काढला, परत आत ठेवला.

आठवा मजला नको, मुलगा म्हणाला, वर डिस्को आहे.
पाचवा नको, खाली स्वयंपाकघर, पहाटे चारला भांडी.
अगदी पुढची नको, अगदी मागची नको,
मध्ये फार हलत नाही.
वन्संना मानपूरच्या घाटातसुद्धा लागते,
म्हणून मध्ये, हे आधी ठरलं.
मुंबईहून गोव्याकडे जाताना उजवीकडे मावळतं,
डावीकडे किनारा, रात्री दिवे दिसले तर दिसले.
येताना सगळं उलटं.

मग दर.
आतली खोली, बिनखिडकीची: एवढे.
खिडकी, पण न उघडणारी: त्यावर सहा हजार.
बाल्कनीचा आकडा त्यानं बोलून दाखवला नाही,
कॅल्क्युलेटर आमच्याकडे फिरवला.
मी ह्यांच्या विम्यातून मनात वजा करत होते.

"बाल्कनीत कपडे वाळत घालता येतात?" वन्संनी विचारलं.
"नहीं आंटीजी, अलाउड नहीं."
"मग काय करायचीय बाल्कनी!
आतलीच घे गं. मला काय,
मला मधल्या खोलीची सवय आहे."

सहज म्हणाल्या. टोमणा नव्हता.
टोमणा असता तर मी उत्तर दिलं असतं,
पन्नास वर्षांचा सराव आहे आम्हा दोघींना.

एक्याण्णव साली आम्ही बाल्कनी आत घेतली.
असंच म्हणतात ना, आत घेतली,
जशी तिन्हीसांजेला वाळलेली चादर आत घेतात.
शिरीषला दहावीसाठी टेबल हवं होतं.
स्नेहलतागंजात पुढची, मधली, स्वयंपाकघर,
चौथी जागा आणायची कुठून?
मिस्त्री आला, ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आल्या, काचा आल्या.
वन्संच्या गवती चहाची कुंडी जिन्यात गेली.
केस वाळवायला त्या गच्चीवर जाऊ लागल्या,
गुडघे गेल्यावर पंख्याखाली.
हे म्हणाले होते, ताई काही म्हणायची नाही.
नाहीच म्हणाल्या.

"बाल्कनीवाली," मी म्हणाले.

मुलगा घुटमळला. एक आहे स्वस्तात, सहाव्यावर,
पण समोर लाइफबोट टांगलेली, नारिंगी,
अर्धा समुद्र झाकते.
वन्सं पुढे झुकल्या, बोटानं खोली दाबून धरली.
"अर्धा झाकते म्हणजे अर्धा दिसतो ना?
आमच्याकडे पुराणिकांची टाकी पूर्ण झाकते."

फॉर्मवर आधी त्यांचं नाव घाल, मी सांगितलं.
मंदाकिनी त्र्यंबक मिरीकर.
मिस की मिसेस, मुलानं भीत भीत विचारलं.
"मिस," वन्सं म्हणाल्या, चौऱ्याहत्तराव्या वर्षी,
आणि पदर सारखा केला.

रात्री शिवणाच्या डब्यातून टेप काढली.
बाल्कनी चार फूट बाय नऊ, त्यानं सांगितलं होतं.
आमच्याकडे फरशीचा रंग जिथे बदलतो
तिथून काचेपर्यंत: चार.
लांबी: नवाला दोन बोटं कमी.
टेबल ओढलं. शिरीष बावीस वर्षं कॅनडात आहे,
टेबल अजून दहावीत.
दोन खुर्च्या बसल्या, गुडघे वाचवून.

"समुद्र कुठल्या अंगाला?"
मी पुराणिकांच्या टाकीकडे बोट केलं.

काच सरकेना. खाचेत इतक्या वर्षांची माती,
एक पेनाचं टोपण, मेलेले किडे.
उलथन्यानं खरवडली, तेव्हा वीतभर सरकली.
वारा आला. खालून स्कूटर गेली,
सराफ्याला खायला निघालेली पोरं हसत गेली.

"लागतंय गं वारं," वन्सं म्हणाल्या,
कानावरून पदर घेतला,
आणि उठल्या नाहीत.