चौथा मालक

खरेदीखतात भिंती होत्या, छत होतं,
नदीकडची बाल्कनी चौरस मीटरात होती.
‘भाडेकरूसह’ हा शब्द शेवटच्या पानावर,
बारीक टायपात.

पोर्तोतल्या त्या अरुंद जिन्यावर
माझ्याच दारावर मी टकटक केली.
दोना एर्मेलिंदानं साखळी न काढता
आधी माझे बूट पाहिले.

मग आत घेतलं. कॉफी दिली.
तळलेल्या सार्डिनचा वास
सत्तेचाळीस वर्षं मुरलेला,
किमतीत धरला होता की नाही, कोण जाणे.

खणातून तिनं एक कागद काढला:
खिडकीची चौकट, गळकी तोटी, तिसरी पायरी,
पुन्हा तोटी.
वर तीन मालकांची नावं,
एकेका रेघेनं खोडलेली.

‘‘नाव सांगा,’’ पेन्सिल तासत म्हणाली.
‘‘बेलार्मिनू.’’
तिनं लिहिलं,
खाली थोडी जागा सोडून.