शेवटचा रकाना

मोजायला सुरुवात केली तेव्हा
माझ्या बोटांना ब्लीचिंगचा वास होता अजून.
आतार मॅडमना तो आला असणार.
बोलल्या नाहीत काही,
दोरीला बांधलेला थर्मामीटर दिला फक्त.
डोहात सोड, तीनशे आकडे मोज, मग वाच.

पाटणच्या वर, केरा नदी, चैत्रातली दुपार.
डोहात एकतीस.
पुलाखाली, वाळूवाल्यांनी तळ खरवडलाय तिथं, तेहतीस.
वर घळीत, जांभळीच्या सावलीला, पंचवीस.
तापलेल्या पोराचं कपाळ एक सांगतं
नि तळवे दुसरंच,
तशी ही.

वहीत रकाने आखलेले:
वेळ, खोली, गढूळपणा, विरघळलेला प्राणवायू.
शेवटचा: खडशी किती दिसल्या.
तिथं सहा आठवडे शून्य.
शून्य काढायलाही हात उचलावा लागतो.
चिलापी मात्र कडेला भरपूर,
त्यांना कुठलंही पाणी चालतं.

एक दिवस विचारलं,
मॅडम, आम्ही पावडर ओतली त्याला रकाना कुठाय?
त्यांनी पेन्सिलीनं पट्टी न लावता रेघ मारली.
मी लिहिलं अकरा.
घरी जाऊन आठवलं, परत आलो,
खोडून एकोणीस केलं.

मग कामं.
क्रशरचा चिखल उताराला अडवला.
काठाला वाळुंजाच्या चाळीस फांद्या खोचल्या,
शेळ्यांनी सव्वीस खाल्ल्या,
झोऱ्यांच्या कोंडाबाईनं उरलेल्यांना बोराटी लावली,
शिव्या मला दिल्या.
पाणी संस्थेच्या चेअरमनना तीन वेळा भेटलो
बंधाऱ्याच्या खालच्या दोन फळ्या उघड्या ठेवा म्हणून.
माशासाठी? ते हसले.
चौथ्यांदा गेलो तर वही मागितली,
पानं उलटली, चष्मा लावून,
एकोणीसवर बोट ठेवून थांबले.
आमचीही धरा त्यात, म्हणाले.
फळी एकच काढली.

यंदा चैत्रात पुलाखाली साडेबत्तीस.
अर्धा अंश.
बायको म्हणाली, एवढ्यासाठी वर्ष घातलंत?

परवा घळीच्या तोंडाशी
दगडाआडून काहीतरी वळलं,
मोठ्या खवल्याचं, पितळेसारखं,
किंवा ऊनच असेल.
मी एक लिहिलं, पुढं प्रश्नचिन्ह.
मॅडम म्हणाल्या, या रकान्यात चिन्ह चालत नाही,
एक तरी लिही नाहीतर शून्य.
अजून ठरवलं नाही.
बुधवारी परत जायचंय,
दोरी उंदरांनी कुरतडलीय,
ती आधी बदलायला हवी.