नववा बोल्ट

खोका आला मंगळवारी, ओल्या पायरीवर,
एका कोपऱ्याने फाटलेला, थर्मोकोल सांडत.
आत इंजिन: वीतभर उंच, पण उचलताना कंबर सांभाळावी असं,
आणि चार पानांचं माहितीपत्रक, ज्यात लिहिलं होतं,
चालक महाशयांनी आनंदाने साखळीला घाबरावे.

जजबाईंनी लायसन्स काढून घेतलं त्याला चार महिने झाले.
चूक माझीच होती. ती गोष्ट इथे नको.
कत्तलखाना घरापासून अकरा मैल.
नेब्रास्काच्या या टोकाला बस कधी आलीच नाही,
आणि रोज दुसऱ्याच्या गाडीत शेजारच्या सीटवर बसून
हवापाण्याच्या गप्पा मारून माझं तोंड दुखायला लागलं होतं.

गॅरेजमध्ये मुलीची जुनी सायकल होती, निळी.
ती आता डेन्व्हरला असते. फोन उचलत नाही.
हँडलला अजून तिच्या रिबिनीची गाठ.
मी कापली नाही. क्लचची केबल तिच्यावरूनच नेली.

मागच्या चाकाला दातेरी चकती बसवायची:
आऱ्यांच्या आत एक रबर, बाहेर एक रबर,
आरपार नऊ बोल्ट.
पिशवीत आठ.
पुन्हा मोजले, दिवा खाली घेऊन, गुडघ्यांवर बसून.
आठ.
आठांवर चालवली तर चकती लंगडते,
चकती लंगडली की साखळी उतरते, आऱ्यांत शिरते,
मग चाक थांबतं.
माणूस थांबत नाही.

अब्दिरशीद लाइनवर माझ्या डाव्या हाताला असतो, हाडं सोडवतो.
त्याच्या काकाचं मोगादिशूत पंपदुरुस्तीचं दुकान होतं.
मी त्याला एवढंच म्हटलं, की आठच आले.
दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्याने हातमोजा झटकला,
टेबलावर बोल्ट पडला.
सहा मिलिमीटर, म्हणाला. पोराच्या पाळण्याचा.
पाळण्याला अजून सात आहेत.
पोर हलकं आहे.

शनिवारी सोळा भाग पेट्रोल, एक भाग तेल,
खोकल्याच्या औषधाच्या टोपणाने मोजून.
गल्लीत पायडल मारत गेलो, क्लच सोडला:
एक ढेकर.
पुन्हा सोडला: तेही नाही.
तिसऱ्या खेपेला कळलं, टाकीचा कॉकच बंद.
समोरच्या ओडेसाबाई पडद्याआडून बघत होत्या;
मी त्यांना हात केला, जणू हेच ठरलं होतं.
चौथ्यांदा
सगळी सायकल दात वाजवत जागी झाली,
चष्मा, खिशातली चिल्लर, अठ्ठावन्न वर्षांचा मी,
सगळे एकदम पांढऱ्या धुरातून पुढे,
आणि पाय नुसते लोंबकळत,
पाहुण्याच्या घरी काय करावं न सुचल्यासारखे.

सोमवारी पहाटे साडेचारला, प्लॅट नदीच्या पुलाअलीकडे,
पाठीवर लाल-निळा उजेड पडला.
डेप्युटी क्रॅबट्री. नोव्हेंबरात माझ्या तोंडाचा वास घेतला तोच.
त्याने इंजिन पाहिलं, चकती पाहिली, रिबीन पाहिली.
लायसन्स?
तुमच्याच कचेरीत आहे, म्हटलं.
बराच वेळ तो टॉर्च चालू-बंद करत राहिला.
मग म्हणाला, बंद केलंस तर ही सायकल आहे.
सायकल मी अडवत नाही.

पुढचे सहा मैल ते मेलेलं धूड मी पायांनी ओढलं,
मागून त्याची गाडी, बैलाच्या चालीने, दिवे चालूच.
शिव्या दिल्या. बऱ्याचशा मलाच.
पुलाच्या मध्यावर दम खायला थांबलो
तर खाली पात्रात क्रौंच,
मार्चात उतरतात ते, हजारोंनी, अंधारात,
सगळे एकदम बोलत होते
आणि कुणी कुणाचं ऐकत नव्हतं.
मागे गाडीची काच खाली झाल्याचा आवाज आला.
तो काही म्हणेल म्हणून थांबलो.
नाही म्हणाला.

कामाला सत्तावीस मिनिटं उशीर.
अब्दिरशीदने सुरी न थांबवता विचारलं,
टिकला का?
टिकला.
मग उशीर कसा?
मी हातमोजे चढवले.
पट्टा सुरू झाला होता.